अथेन्सला जाताय? आधी ऊन बघा

अथेन्सला जायचं तर आधी महिना ठरवा, मग विमान, मग बाकी सगळं. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर जमत असेल तर दुसरा विचारच करू नका. आम्हाला ते जमलं नाही. मुलगी म्युनिकला नोकरी करते, तिला रजा मिळाली जुलैत. सोबत माझे सासरे होते. सत्तरी ओलांडलेले, अस्सल नागपूरकर. "चंद्रपूरचा मे काढलाय मी, ग्रीसचं ऊन माझं काय करणार?" असं बाबा निघतानाच म्हणाले, आणि आम्हालाही ते पटलं.

अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट हल्ली ठरावीक वेळेचं असतं. एजंटने आमच्यासाठी दुपारी 1ची वेळ घेतली होती. चढ चढून दाराशी पोहोचलो तर दार बंद. उष्णतेची लाट आहे, संध्याकाळी 5 पर्यंत कुणालाही वर सोडणार नाही, असं सांगण्यात आलं. भर उन्हात माणसं चौकशी करत उभी होती. बाबा पायरीवर बसले ते उठेचनात. चेहरा लाल, बोलणं तुटक. त्यांना सावलीत घेतलं, मानेवर ओले रुमाल ठेवले, घोट घोट पाणी पाजलं. जरा बरं वाटल्यावर टेकडीच्या पायथ्याच्या संग्रहालयात नेलं. तिथल्या गारव्यात तासाभराने ते नीट बोलू लागले. तो तास मी कधी विसरणार नाही. अशा वेळी माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर वाट बघू नका, 112 ला फोन करा. हा क्रमांक सगळ्या युरोपीय संघात चालतो.

उन्हाची सवय आहे म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. नागपूरचा माणूस मेच्या दुपारी मुळात घराबाहेर पडत नाही. पडलाच तर डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि पोटात पन्हं असतं. आपली सवय ही ऊन टाळण्याची असते. परदेशात मात्र तिकिटावरची वेळ आपल्याला भर दुपारी बाहेर काढते. टेकडीच्या माथ्यावर सावली जवळजवळ नाहीच, आणि पांढुरका दगड खालूनही भाजतो. शिवाय तिथली घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे असतात. जुलैत सूर्य माथ्यावर येतो तो दीडच्या सुमारास. आपल्या हिशेबाने चार वाजता ऊन कलायला हवं, तिथे तेव्हा ते ऐन भरात असतं.

म्हणून उन्हाळ्यात सकाळी 8ची वेळ घ्या, आणि तीही स्वतः, सरकारी संकेतस्थळावरून. मुख्य दाराऐवजी डायोनायससच्या नाट्यगृहाकडचं आग्नेयेचं दार धरलंत तर गर्दी बहुधा कमी लागते. लाखो पावलांनी तिथला संगमरवर गुळगुळीत झालाय, तेव्हा पकड असलेले बूटच घाला. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी लिफ्ट आहे, पण ती चालू आहे का हे आधी विचारून घ्या. जुन्या माहितीत सगळ्या अवशेषांचं मिळून एक तिकीट सांगितलेलं असतं. ते एप्रिल 2025 पासून बंद झालं. आता एकट्या अ‍ॅक्रोपोलिसचेच 30 युरो पडतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि त्याला किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो नुसता कागद समजू नका, अटी वाचून घ्या. शाकाहाऱ्यांनी 'निस्तीसिमा' म्हणजे ऑर्थोडॉक्स उपवासाचे पदार्थ मागावेत. त्यात मांस, दूध, अंडी नसतात. मासे खातात अशा उपवासांचे दिवस असतात, शिंपले-कोळंबीही चालते, म्हणून तेवढं विचारायचं.

दुपारसाठी अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय राखून ठेवा. 2009 मध्ये उघडलेल्या या वास्तूचा वरचा मजला पार्थेनॉनच्याच मापाचा आणि त्याच दिशेला वळवलेला आहे. काचेच्या भिंतीतून समोर खरं मंदिर दिसतं. इ.स.पू. 447 मध्ये बांधायला घेतलेलं हे मंदिर दोन हजार वर्षांहून अधिक काळ बरंच धड होतं. 1687 मध्ये आत साठवलेल्या दारूगोळ्यावर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. उरलेल्या शिल्पांतली कित्येक लॉर्ड एल्गिनने लंडनला नेली. संग्रहालयात मूळ शिल्पपट्टीचे मधाच्या रंगाचे तुकडे आणि लंडनला असलेल्यांच्या पांढऱ्याफेक प्लास्टर प्रती शेजारी शेजारी लावल्या आहेत. काय गेलं ते सांगायला फलक लागत नाही. खाली स्तंभांच्या जागी उभ्या असलेल्या स्त्रियांच्या पाच मूळ मूर्ती आहेत, सहावी लंडनला आहे. वर टेकडीवर दिसतात त्या सगळ्या प्रतिकृती. हे सगळं पळत पळत बघण्यासारखं नाही, तीन तास तरी द्या. शुक्रवारी संग्रहालय रात्री 10 पर्यंत उघडं असतं, त्यामुळे जुलैत जाणं भाग असेल तर तुमच्या मुक्कामात एक शुक्रवार येईल असं बघा.