एका शिवणीचा कोट

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. आणि 'मेकॅनिकलच्या मुलीला फॅशन कशाला?' असंही म्हणू नका. ज्याच्याविषयी लिहितेय तो माणूस माझ्या मते अस्सल इंजिनिअर होता. त्याचं नाव क्रिस्तोबाल बालेन्सियागा.

२१ जानेवारी १८९५ रोजी उत्तर स्पेनच्या बास्क भागातल्या गेतारिया या कोळ्यांच्या गावी त्याचा जन्म झाला. दर्यावर्दी वडील लवकर वारले. आईने शिवणकामावर घर चालवलं. तिच्या शेजारी बसून पोरगा टाके घालायला शिकला आणि बाराव्या वर्षी सान सेबास्तियान शहरात शिंप्याकडे उमेदवारी करू लागला. पुढे तिथेच त्याने स्वतःचं दुकान थाटलं, मग माद्रिद आणि बार्सेलोनाला. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. १९३७ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने पॅरिसला नव्याने सुरुवात केली.

'ओत कुत्यूर' म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने, बराचसा हाताने शिवलेला कपडा. या धंद्यातले कितीतरी जण चित्र काढून कारागिरांकडे सोपवत. बालेन्सियागा मात्र कापणं, जुळवणं, शिवणं सगळं स्वतः करू शके.

आता थोडं टेक्निकल. कापड हे ऑर्थोट्रॉपिक मटेरियल आहे बरं का! उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने ते फारसं ताणत नाही, पण उरेब, म्हणजे ४५ अंशांत, सहज ताणतं. बालेन्सियागा आधी कापड बघायचा, मग डिझाइन ठरवायचा. १९५८ मध्ये अब्राहम या स्विस कंपनीने त्याच्यासाठी 'गझार' नावाचं कडक रेशमी कापड बनवलं. त्यात घट्ट पीळ दिलेले जोडधागे असतात, म्हणून ते आपला आकार धरून राहतं. बायकांच्या कंबरा आवळण्याच्या त्या काळात, १९५७ मध्ये, त्याने पोत्यासारखा सरळ 'सॅक' ड्रेस आणला. शरीर आणि कापड यांच्यात हवा खेळू दिली. १९६१ मध्ये तर एकाच तुकड्यातून, एकाच शिवणीत अख्खा कोट! फर्स्ट इयरला 'डेव्हलपमेंट ऑफ सर्फेसेस'पायी रडलेल्यांनी तो सपाट उलगडून काढून बघावा.

बाहीचा तर त्याला ध्यासच. मनासारखी बसली नाही की तयार बाही उसवून पुन्हा लावायचा.

हे वाचलं आणि मला घर आठवलं. माझी आई ब्लाउज शिवते. शाळेच्या फॉर्मवर मी तिच्या नावापुढे 'हाउसवाइफ' लिहायचे, कारण वर्गात कोणाची आई डॉक्टर, कोणाची बँकेत. एकदा दिवाळीच्या गर्दीत रात्री अकराला ती तयार बाही उसवत बसली होती. मुंढ्याशी जराशी चुणी पडली होती. मी म्हटलं, "अगं आई, पदराखाली कोणाला दिसणारे?" ती म्हणाली, "हात वर केला की तिला कळेल ना."

आणि मी? गेल्या सेमिस्टरला चार शीट जीटी मारल्या. ओरलला सरांनी एका लाइनवर बोट ठेवलं, "ही डॉटेड का?" मला सांगता आलं नाही.

बालेन्सियागालाही कॉपीचा तिटकारा. नक्कल होऊ नये म्हणून १९५० च्या दशकात तो आपले कपडे पत्रकारांना मुद्दाम उशिरा दाखवू लागला. पण शिकवायला हात आखडला नाही. कुरेज आणि उंगारो त्याच्याकडे काम करूनच तयार झाले, जिवांशी त्याला गुरू मानत असे. रेडीमेडचा जमाना आला तेव्हा, १९६८ मध्ये, त्याने दुकान बंद केलं. २३ मार्च १९७२ रोजी तो गेला. १९८६ नंतर त्याचं नाव ब्रँड म्हणून पुन्हा बाजारात आलं. पण त्याचं खरं काम बघायचं तर २०११ मध्ये गेतारियात उघडलेलं म्युझियम आहे. २०१७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने त्याच्या कपड्यांचे चक्क एक्स-रे मांडले होते. आतली रचना तेवढ्या मोलाची!

यंदा हॉस्टेलच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय'पुढे मी 'शिवणकाम' लिहिलं. दोन शीट अजून बाकी आहेत. काच मागायला माझ्याकडे येऊ नका, मीही तुमच्याकडे येणार नाही.