यात्रेचे व्हिडिओ नव्या संगणकात कसे न्यावेत?

प्रश्न : पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेचे सुमारे ४०० जीबी व्हिडिओ जुन्या संगणकात आहेत. पेनड्राइव्हमध्ये जागा असूनही मोठी फाइल जात नाही. वाय-फायवर रात्र पुरत नाही. उपाय सांगा.
– एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशिम

उत्तर : तुमचा पेनड्राइव्ह बहुधा फॅट ३२ पद्धतीचा आहे. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, जागा कितीही असो. पण एवढ्या मालासाठी पेनड्राइव्हच्या फेऱ्या हव्यातच कशाला?

कॅट ५ई किंवा कॅट ६ लॅन केबलने दोन्ही संगणक थेट जोडा. इंटरनेट लागत नाही. एकाला १९२.१६८.५०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.५०.२ असा आयपी पत्ता द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. मग जुन्या संगणकावरचा फोल्डर शेअर करा. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असेल तर सेकंदाला ११० एमबीपर्यंत वेग मिळतो, म्हणजे तासाभराचे काम. जुनी हार्डडिस्क मात्र दोन तासही घेईल. एकीकडे १०० मेगाबिटचा पोर्ट निघाला तर दहा तास धरा.

मधेच वीज जाण्याची धास्ती असेलच. म्हणून माउसने ओढण्याऐवजी विंडोजमधली रोबोकॉपी आज्ञा वापरा. पुन्हा चालवल्यावर ती आधी पोचलेल्या फाइल वगळते. नव्या संगणकावर चार-दोन व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय जुने पुसू नका.