रोगणाचा तिसरा हात

डेन्मार्क हा युरोपच्या उत्तर भागातील एक लहानसा देश. त्या देशातील बिलुंड नावाच्या खेड्यात ओले कर्क क्रिस्तियानसन या तरुण सुताराने १९१६ साली सुतारकामाचा एक छोटा कारखाना विकत घेतला. आसपासच्या शेतकऱ्यांना घरे बांधून द्यावीत, दारे-खिडक्या व टेबले-खुर्च्या कराव्यात, असा त्यांचा व्यवसाय होता. १९२४ मध्ये त्यांच्या लहान मुलांच्या हातून चुकून लाकडाच्या ढलप्यांनी पेट घेतला आणि घर व कारखाना दोन्ही भस्मसात झाले. ओले यांनी धीर न सोडता ते पुन्हा उभारले. पुढे जगभर मंदीची लाट आली. शेतकऱ्यांजवळ पैसा उरला नाही, त्यामुळे सुताराला कामही उरले नाही. त्यातच १९३२ मध्ये त्यांची पत्नी वारली आणि चार मुलांचा सांभाळ एकट्या ओले यांच्यावर येऊन पडला.

मोठी कामे मिळेनाशी झाली, तेव्हा ओले यांनी लाकडाच्या लहान वस्तू करण्यास आरंभ केला. त्यांतच खेळणीही होती. १९३४ मध्ये त्यांनी आपल्या उद्योगाला ‘लेगो’ हे नाव दिले. डॅनिश भाषेत ‘छान खेळा’ अशा अर्थाचे दोन शब्द आहेत. त्यांची आरंभीची अक्षरे जोडून हे नाव तयार झाले.

त्यांच्या खेळण्यांत चाकांवर चालणारे एक लाकडी बदक होते. दोरीने ओढले, की ते चोचीची उघडझाप करी. अशा खेळण्यांना रोगणाचे तीन हात देण्याची कारखान्यात रीत होती. ओले यांचा मुलगा गॉटफ्रेड शाळकरी वयापासून वडिलांना मदत करीत असे. एकदा तो बदकांच्या पेट्या रेल्वे स्टेशनवर पोहोचवून आला आणि मोठ्या आनंदाने म्हणाला, की आज आपण पैसे वाचविले. नेहमीच्या तीन हातांऐवजी दोनच हात दिले. वडील शाबासकी देतील, अशी त्याची अपेक्षा होती. परंतु वडिलांनी त्याला तत्काळ परत पाठविले. सर्व पेट्या परत आणाव्यात, प्रत्येक बदकाला तिसरा हात द्यावा, पेट्या पुन्हा बांधून स्टेशनवर न्याव्यात आणि हे सारे काम, रात्रभर जागावे लागले तरी, एकट्यानेच करावे, अशी त्यांची आज्ञा होती. दोन हात आणि तीन हात यांतील फरक गिऱ्हाइकाला कदाचित दिसलाही नसता. पण करणाऱ्याला तो ठाऊक होता. ती रात्र गॉटफ्रेड जन्मभर विसरला नाही. उत्तमाहून कमी काही चालणार नाही, अशा अर्थाचे वाक्य पुढे त्याने लाकडावर कोरून कारखान्याच्या भिंतीवर लावले.

दुसरे महायुद्ध संपल्यावर ओले यांनी प्लास्टिकच्या वस्तू साच्यात ओतून काढणारे यंत्र विकत घेतले. एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे इंग्लंडमधील हिलरी पेज या गृहस्थांनी त्यापूर्वीच तयार केले होते. तो नमुना पाहून त्यात काही फेरफार करून लेगोने १९४९ मध्ये आपले ठोकळे बाजारात आणले. ठोकळ्याच्या माथ्यावर बुटक्या गोल खुंट्या होत्या आणि तळ पोकळ होता. एकाच्या खुंट्या दुसऱ्याच्या पोकळीत शिरत आणि ठोकळे जुळत.

गॉटफ्रेड आता कर्ते झाले होते. खेळणी एकमेकांशी संबंध नसलेली असू नयेत. आज घेतलेला ठोकळा उद्या घेतलेल्या ठोकळ्याला जुळावा आणि खेळ वाढत जावा, असा विचार त्यांनी केला. त्यानुसार १९५५ मध्ये छोटे नगर रचण्याचा खेळ निघाला. तरीही एक उणीव होती. पोकळीत शिरलेल्या खुंट्यांना पुरेशी पकड मिळत नसे. उंच मनोरा रचला, की तो सहज निखळे. विचारान्ती उपाय सापडला. पोकळीच्या आत बारीक नळ्या बसविण्यात आल्या. त्यामुळे खालची खुंटी नळ्या आणि भिंत यांच्यामध्ये तीन ठिकाणी घट्ट धरली जाऊ लागली. आणि तरीही लहान मुलाच्या बोटांनी ठोकळे सुटे करता येत. या युक्तीच्या एकस्वासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी कोपनहेगन येथे अर्ज करण्यात आला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात ओले यांचे निधन झाले.

युक्ती सापडली, तरी काम संपले नव्हते. दोन खुंट्यांच्या मध्यांतील अंतर आठ मिलिमीटर असते. प्रत्येक खुंटीमागे मिलिमीटरच्या केवळ दहाव्या भागाची चूक झाली, तर ऐंशी खुंट्यांच्या रांगेत ती आठ मिलिमीटर, म्हणजे पुऱ्या एका खुंटीएवढी होईल आणि रचना जुळणारच नाही. याकरिता साचे अतिशय काटेकोर करावे लागतात. पहिले प्लास्टिक कालांतराने वाकडे होई; म्हणून १९६३ पासून एबीएस नावाचे अधिक टणक प्लास्टिक वापरण्यात येऊ लागले. १९५८ मध्ये केलेला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर नीट बसतो, तो या दक्षतेमुळेच.

या ठोकळ्यांनी दोन प्रकारची रचना करता येते. पहिली चित्राची. खुंट्यांनी भरलेल्या सपाट पाटावर रंगीबेरंगी चौकोनी तुकडे ओळीने बसवीत जावे. ठिपक्यांच्या रांगोळीत जसे ठिपके मोजावे लागतात, तशाच येथे खुंट्या मोजाव्या लागतात. जवळून पाहिले, तर केवळ रंगांचे चौकोन दिसतात. चार पावले मागे सरले, की त्यांतून फूल, पक्षी किंवा एखादा चेहरा प्रकट होतो. दुसरी रचना घनाकृतीची. तीत लांबी व रुंदी यांच्याबरोबर उंचीही येते. चांगला गवंडी दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट बसवितो. सांध्यावर सांधा आला, तर भिंत दुभंगते. ठोकळ्यांच्या भिंतीलाही हाच नियम लागू आहे. घुमटासारखा गोल आकार हवा असेल, तर प्रत्येक थर थोडा आत घेत पायरीपायरीने वर जावे लागते. १९६८ मध्ये बिलुंड येथे उघडलेल्या लेगोलँड या उद्यानात अशा ठोकळ्यांची छोटी नगरेच उभारलेली आहेत.

आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात. तीन ठोकळे १,०६० प्रकारे. सहा ठोकळ्यांचे प्रकार किती होतात, हे कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने मोजले. ती संख्या ९१,५१,०३,७६५ भरली! मूठभर ठोकळ्यांत एवढ्या रचना दडलेल्या असतात; परंतु त्या हाती येण्यासाठी प्रत्येक ठोकळा दुसऱ्याला बिनचूक जुळला पाहिजे.

ठोकळ्याच्या आतील नळ्या बाहेरून दिसत नाहीत. बदकावरील रोगणाचा तिसरा हातही डोळ्यांना वेगळा दिसत नव्हता. तरी उंच मनोरा त्या न दिसणाऱ्या नळ्यांच्याच आधारावर उभा राहतो.

स्वाध्याय

१. ओले यांनी गॉटफ्रेडला स्टेशनवर परत का पाठविले?
२. ठोकळ्यांच्या पोकळीत नळ्या बसविल्यामुळे कोणता फायदा झाला?
३. ‘दोन हात आणि तीन हात यांतील फरक करणाऱ्याला ठाऊक होता,’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
४. चौकटींच्या कागदावर एका फुलाचे चित्र केवळ चौकोन रंगवून काढा.