मानसशास्त्राची पदवी : प्रवेशापूर्वी जमाखर्च मांडा

बारावीनंतर मानसशास्त्र घेऊन बी.ए. करावयाचे, असे आजकाल आपल्या घरांतील मुले-मुलीही म्हणू लागली आहेत. वडील विचारतात, "यातून मिळणार काय?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर रागाने किंवा हौसेने देऊ नये. दुकानात माल भरताना आपण खरेदी, भाडे, हमाली आणि माल विकेपर्यंत अडकून पडणारी रक्कम असा सारा हिशेब करतो. मुलांच्या तालिमीचा हिशेबही तसाच करावा.

केळझरचेच उदाहरण घेऊ. सेलू तालुक्यातील हे गाव नागपूर-वर्धा मार्गावर आहे. येथून रोज वर्ध्याला जाऊन शिकता येते. एस.टी.च्या मासिक पासात विद्यार्थ्यांना दोन तृतीयांश सवलत आहे. खोली व खानावळ वाचते, ही पहिली जमेची बाजू.

आता खर्च. पुढील आकडे केवळ रीत कळावी म्हणून धरले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. समजा फी, प्रवास, पुस्तके व परीक्षा मिळून वर्षाला २५,००० रुपये लागतात. तीन वर्षांचे ७५,००० झाले. बहुतेक लोक हिशेब येथेच थांबवतात, आणि येथेच चुकतात. तोच मुलगा दुकानात किंवा कारखान्यात महिना ६,००० रुपयांचे काम करणारा असेल, तर तीन वर्षांत २,१६,००० रुपयांची कमाई सोडावी लागते. म्हणजे खरा खर्च २,९१,००० रुपये. फी लहान आहे, वेळ महाग आहे. मुलाने संध्याकाळी व सुट्टीत काम करून निम्मी कमाई राखली, तर हाच खर्च १,८३,००० वर येतो.

आता जमा. पदवीमुळे दुकानातील कमाईपेक्षा महिना ५,००० रुपये जास्त मिळाले, तर वर्षाला ६०,००० होतात आणि २,९१,००० रुपये सुमारे पाच वर्षांत वसूल होतात. जास्तीचे फक्त २,००० मिळाले, तर वसुलीला बारा वर्षे लागतात. म्हणून पदवीनंतर नेमके कोणते काम मिळते, हे आधी पाहावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. केवळ बी.ए. झाल्याने कोणी मानसोपचार करणारा होत नाही. ही पदवी मांजरपाटासारखी आहे. मांजरपाट विकला जातो, पण मांजरपाटाच्याच भावाने. रंग आणि छपाई झाल्यावर त्याचा भाव बदलतो. नुसत्या पदवीवर स्पर्धा परीक्षा, बँक किंवा कंपनीचे कार्यालय अशा, कोणत्याही पदवीधराला खुल्या असलेल्या जागा मिळू शकतात. समुपदेशनाच्या चांगल्या जागांसाठी बहुधा एम.ए. मागतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचे एम.फिल. हा रूढ मार्ग होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच्या प्रवेशाला २०२५-२६ पर्यंतच मुभा दिली होती. त्याऐवजी परिषदेने नवे अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला परिषदेची मान्यता आहे की नाही, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहावे. संस्थेच्या जाहिरातीवर विसंबू नये.

दुसरी सूचना. घरी बसून पत्रद्वारे किंवा ऑनलाइन मानसशास्त्राची पदवी घेण्याचा स्वस्त मार्ग आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंद केला आहे. असा प्रवेश कोणी देऊ केला, तर पैसे भरू नयेत.

बाजारात मागणी आहे काय? गरज निश्चित आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १० टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळला, आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. वर्धा हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेला जिल्हा. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत त्याचा समावेश होता. सेवाग्राम व सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे. शासनाची १४४१६ ही टेलिमानस सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषांत माणसाचे दुःख ऐकून घेणारा येथे उपयोगाचा आहे. परंतु गरज आणि पगारी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिऱ्हाईक पुष्कळ असले, तरी त्याच्या खिशात पैसा नसेल तर गल्ला भरत नाही.

म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंनी पुढील नियम ठेवावेत :

१. तीन वर्षांचा नव्हे, पाच ते सात वर्षांचा खर्च आधी मांडावा. पुढचे भांडवल नसेल, तर ही पदवी साधी पदवी समजूनच घ्यावी.

२. खर्चासाठी दुकानाचे चालू भांडवल मोडू नये. शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत करावेत. ज्यांना व्याज टाळावयाचे आहे, त्यांनी दोन वर्षे आधीपासून रक्कम बाजूला काढावी.

३. प्रवेशापूर्वी मुलाला किंवा मुलीला या क्षेत्रात काम करणाऱ्या दोघांना भेटवावे. त्यांचा पहिला पगार किती होता, हे विचारावे.

४. मुलीचा हिशेब वेगळ्या वहीत मांडू नये. अनेक स्त्रिया आपले दुःख स्त्रीजवळच बोलतात. या कामात मुलीला मागणी कमी नाही.

हिशेब मांडल्यावर काही घरांत उत्तर "नाही" असे येईल, काही घरांत "होय". दोन्ही उत्तरे चांगली आहेत. मात्र "होय" म्हटल्यावर मध्येच मुलाला शिक्षणातून उठवू नये. अर्धवट शिवलेल्या सदऱ्याला कापडाचाही भाव येत नाही.