मोशे गेला, परमेश्वर राहिला

शास्त्रपाठ : यहोशवा, अध्याय 1, वचनें 1 ते 9.
सोबत वाचावें : अनुवाद 34, यहोशवा 3 व 5.



गांवच्या मंडळीवर कधीं कधीं असा प्रसंग येतो कीं, ज्या उपदेशकानें पुष्कळ वर्षें लोकांस देवाचें वचन शिकविलें, तो वारतो किंवा दुसऱ्या गांवीं जातो. पहिले कांहीं आठवडे लोक त्याची आठवण काढून रडतात. मग रविवारीं घंटा वाजविणारा कोणी उरत नाहीं. भजनास थोडकीं माणसें येऊं लागतात. आणि "ते होते तोंवर सर्व ठीक होतें" असें बोलणें घरोघर ऐकूं येतें. या बोलण्यांत त्या सेवकाविषयीं प्रीति आहे खरी. परंतु त्यांत एक चूकही लपलेली आहे. ती कोणती, हें आजच्या पाठांत पाहूं.

1. शोक करणें पाप नव्हे.

मोशे 120 वर्षांचा होऊन मवाब देशांत मरण पावला, आणि इस्राएल लोकांनीं त्याच्यासाठीं 30 दिवस शोक केला. त्या शोकाबद्दल देवानें त्यांस दोष दिला नाहीं. ज्यानें आपणांस दास्यांतून बाहेर आणिलें, त्याच्यासाठीं डोळ्यांस पाणी येणें हा अविश्वास नव्हे. परंतु शोकाचे दिवस संपले, आणि देव यहोशवाशीं बोलला. त्याचें पहिलें बोलणें मोशेच्या मरणाविषयीं होतें, आणि लागलीच दुसरें यार्देन ओलांडण्याविषयीं होतें. जें घडलें तें देवानें झांकून ठेविलें नाहीं. आणि लोकांस तेथेंच बसूंही दिलें नाहीं.

2. शूर मनुष्यासही धीर लागतो.

यहोशवा भित्रा नव्हता. कनान देश हेरावयास गेलेल्या 12 जणांपैकीं तो व कालेब या दोघांनींच पुढें जाण्याविषयीं लोकांस आग्रह केला होता. तरी आजच्या पाठांत देव त्याला खंबीर व हिंमतवान् होण्याची आज्ञा तीन वेळां करितो (वचनें 6, 7 व 9). असें कां? अमालेकाशीं लढाई झाली तेव्हां यहोशवा मैदानांत लढत होता, आणि मोशे टेकडीच्या माथ्यावर हात वर करून उभा होता. आतां टेकडी रिकामी होती. वर पाहिलें तर ओळखीचे हात दिसणार नव्हते. पुष्कळ तरुण उपदेशकांस आणि पंचांस ही रिकामी टेकडी ठाऊक आहे.

3. धीराचें कारण.

देवानें यहोशवाच्या बळाची स्तुति केली नाहीं; त्याच्या सैन्याची मोजदादही सांगितली नाहीं. जसा मोशेबरोबर होतों तसाच तुझ्याबरोबर असेन, इतकेंच अभिवचन त्यानें दिलें. यावरून मोशेचें सामर्थ्य मोशेचें स्वतःचें नव्हतें हें उघड होतें. मळ्यांत पाणी पाटानें येतें. एक पाट बुजला तर शेतकरी दुसरा काढितो. पाणी मात्र त्याच विहिरीचें असतें. वर सांगितलेली आमची चूक ती हीच : आम्ही पाटालाच विहीर समजतों.

गिलगाल येथें वल्हांडण पाळल्यावर लोकांनीं त्या देशाचें धान्य खाल्लें, आणि मान्ना बंद झाला. जे रानांत जन्मले व मान्न्यावरच वाढले, त्यांस त्या सकाळीं रिकामी जमीन पाहून काय वाटलें असेल! तरी शेतांतलें धान्य त्याच देवाच्या हातचें होतें. देण्याची रीत बदलली. देणारा बदलला नाहीं.

4. धीर म्हणजे पाऊल.

देवानें यहोशवाला रात्रंदिवस नियमशास्त्राचें मनन करण्यास सांगितलें. मग यहोशवानें लोकांस शिधा तयार करण्याची आज्ञा दिली. कोश पुढें चालला, आणि लोक 2000 हात अंतर ठेवून मागें निघाले, कारण त्या वाटेनें ते पूर्वीं कधीं गेले नव्हते. हंगामाच्या दिवसांत यार्देन दुथडी भरलेली होती. याजकांचे पाय पाण्याच्या कांठाशीं बुडाले, त्यानंतर पाणी थांबलें, आधीं नव्हे.

आपल्या प्रांतांतही असें घडलें आहे. अमेरिकन मराठी मिशनाचे गॉर्डन हॉल 1813 सालीं मुंबईस आले, आणि 1826 सालीं प्रवासांत असतां पटकीनें वारले. इतका मोठा सेवक गेल्यावर काम थांबेल असें वाटण्याजोगें होतें. परंतु 1831 सालीं त्याच मिशनाचें काम अहमदनगरास सुरू झालें, आणि पुढें त्या जिल्ह्यांत गांवोगांवीं मंडळ्या उभ्या राहिल्या. हॉल यांनीं त्या पाहिल्या नाहींत. मोशेनेंही कनान देश दुरूनच पाहिला.

म्हणून, बंधुभगिनींनो, ज्या गांवीं आज उपदेशक नाहीं, तेथें येत्या रविवारीं कोणी तरी उठून घंटा वाजवावी. ज्याला वाचतां येतें त्यानें एक अध्याय वाचावा. ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें प्रार्थना करावी. चार माणसें आलीं तरी पुरे. प्रभु येशूनें शिष्यांस जगांत पाठवितांना युगाच्या समाप्तीपर्यंत बरोबर राहण्याचें वचन दिलें. तें केवळ मोठ्या मंडळ्यांस दिलेलें नाहीं.

विचारण्याचे प्रश्न

1. मोशेसाठीं लोकांनीं किती दिवस शोक केला? त्यानंतर देवानें यहोशवाला काय सांगितलें?
2. मान्ना बंद झाला तेव्हां देवानें लोकांस सोडलें काय? उत्तराचें कारण सांगा.
3. याजकांनीं पाण्यांत पाय ठेवण्यापूर्वीं नदी कां थांबली नसावी?
4. आपल्या मंडळींत कोणतें काम "ते होते तेव्हां होत असे" म्हणून बंद पडलें आहे? तें या आठवड्यांत कोण हातीं घेईल?