रात्री दीडचा फोन

अगं, परवा रात्री दीड वाजता फोन करून तू विचारलंस, ‘ताई, तू खरंच आहेस ना?’ मी झोपेतच ‘आहे गं, झोप आता’ म्हणाले नि ठेवला. सकाळी चहा गाळताना चुटपुट लागली. पोरीने मनापासून विचारलं होतं आणि मी वाटेला लावलं.

तर ऐक. तुझा तो तत्त्वज्ञ देकार्त, 1641च्या पुस्तकात शेकोटीपाशी झगा घालून बसलेला. असाच बसलोय असं स्वप्नातही वाटलं होतं, मग आत्ता जागा आहे हे कशावरून? शंका चोख आहे, ती मी काय खोडणार! पण त्याच पुस्तकाच्या सारांशात तो स्वतःच म्हणून ठेवतो की जग आहे, माणसाला शरीर आहे, यावर शहाण्या माणसाने कधी गंभीरपणे शंका घेतलेली नाही. हे पान तुझ्या नोट्समध्ये नसणार.

मला आपला वाटतो तो ह्यूम. ऐन अठरा-एकोणिसात वाचून वाचून, विचार करकरून आजारी पडला होता बिचारा. 1734मध्ये एका डॉक्टरसाठी लिहिलेलं त्याचं लांबलचक पत्रच आहे. पुढे 1739च्या ग्रंथात कबूल करतो की बुद्धीने शंकांचं हे मळभ जात नाही. मग मी जेवतो, बॅकगॅमनचा डाव टाकतो, मित्रांशी गप्पा मारतो, आणि तीन-चार तासांनी परत आलो की तेच विचार थंडगार, ओढूनताणून आणलेले वाटतात. हरला म्हण हवं तर. तू परवा काय जेवली होतीस? (खरं सांग. मेसचा डबा तसाच परत गेला असणार.)

आणि हे काही युरोपातच नाही हं. आपल्याकडचे विज्ञानवादी बौद्ध म्हणत, बाहेर काही नाही, आतलंच बाहेरच्यासारखं भासतं. तुला वाटेल, जगाला मिथ्या म्हणणाऱ्या शंकराचार्यांना हे पटलं असेल. छे! ब्रह्मसूत्रभाष्यात ते नेमके त्या ‘सारखं’वर बोट ठेवतात. बाहेर काही नसेलच, तर ‘बाहेरच्यासारखं’ म्हणता कशाच्या जोरावर? विष्णुमित्र वांझेच्या मुलासारखा दिसतो, असं कुणी म्हणतं का? (उदाहरण आज कानाला बोचतं, पण पेच जबरदस्त.) आणि जेवता जेवता तृप्त होणारा माणूस ‘मी जेवतच नाही’ म्हणाला, तर त्याचं ऐकायचं कुणी? बघ, इथेही जेवणच! तू म्हणशील, स्वप्नातलं ‘बाहेर’ही बाहेरच वाटतं की. म्हण ना, सरांशी भांड त्यावरून.

एक मात्र विचारते, चिडू नकोस. हे तुला सुचतंय की जाणवतंय? सुचत असेल तर खुशाल डोकं चालव. पण माणसं काचेपलीकडची वाटतात, आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, असं होत असेल, तर ते देकार्तच्या गळ्यात मारू नकोस. जागरणाने, काळजीने होतं असं, पुष्कळांना होतं. वेड लागत नाहीये तुला. डॉक्टरांना हे ओळखीचं असतं, आपण दोघी जाऊ.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. भाजणीची थालीपीठं आणते, लोणी वेगळ्या डब्यात. तोवर रात्री काही वाटलं तर कर फोन, कितीही वाजले असले तरी.