दुकानातील दोन संगणक व एकच पडदा

बेळगावच्या रविवार पेठेत काय किंवा निपाणीच्या बाजारात काय, घाऊक व्यापाऱ्याच्या गादीशेजारी संगणक येऊन बसला त्यास आता बरीच वर्षे लोटली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि तोवर रोजमेळावर भागविणाऱ्या कित्येकांनाही तो घेणे भाग पडले. ती यंत्रे आता जुनी झाली आहेत. विंडोज 10 या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज 11 चालत नाही. साहजिकच नवा संगणक दुकानात येतो. मग जुन्याचे काय करावयाचे?

तो भंगारात देण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या 36 व्या कलमान्वये हिशेबाची पुस्तके त्या सालचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. 2023-24 सालच्या विवरणपत्राची मुदत 31 डिसेंबर 2024 ही होती. म्हणजे त्या सालची पुस्तके 31 डिसेंबर 2030 पर्यंत हाताशी हवीत. अपील वा चौकशी चालू असेल तर त्याहूनही अधिक काळ. पुस्तकांची एक प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावीच. परंतु ज्या जुन्या आवृत्तीत ती लिहिली गेली, ती आवृत्ती जुन्या यंत्रावर जशीच्या तशी उघडते, ही सोय थोडी नव्हे. असे यंत्र इंटरनेटपासून पूर्णपणे तोडून ठेवावे. बँक, ई-वे बिल, कराचे संकेतस्थळ, ई-मेल ही बाहेरची सर्व कामे नव्यावर करावीत. उद्या खोट्या बिलाचा एखादा ई-मेल कोणी उघडला, तरी त्यातील विष जुन्या खतावणीपर्यंत पोहोचणार नाही. (टॅलीसारख्या प्रणालीचा परवाना एकाच संगणकापुरता असल्यास तो दोन्हीकडे चालेल असे मात्र गृहीत धरू नये, विक्रेत्यास आधी विचारून घ्यावे.)

अडचण उरते ती जागेची. आमच्या दुकानी धान्याच्या नमुन्यांनी निम्मे टेबल भरलेले असते. तेथे दोन पडदे, दोन कळफलक व दोन माउस मांडावयाचे म्हटले तर बिलावर सही करावयास जागा उरत नाही. यावर केव्हीएम स्विच नावाची लहानशी पेटी मिळते. कीबोर्ड, व्हिडिओ व माउस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले. दोन्ही संगणकांच्या तारा तिच्यात येतात आणि तिच्यातून एकच पडदा, एकच कळफलक व एकच माउस निघतो. कळ दाबली की ही तिन्ही साधने एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातात. एकाच काट्यावर आधी तांदूळ तोलावा आणि मग ज्वारी, तसे हे आहे. काटा एक, पण माल मिसळत नाही. साध्या पेटीतून एका संगणकाचे हिशेब दुसऱ्यात जाण्यास वाट नसते. दोन संगणक तारेने जोडून एकावरून दुसरा चालविण्याच्या युक्त्याही आहेत. पण ज्यास यंत्रे वेगळी ठेवावयाची आहेत, त्याने ती जोडावयाची कशाला?

खरेदीस जाण्यापूर्वी दोन्ही यंत्रांच्या पाठीमागे नीट पाहावे. जुन्यास बहुधा पंधरा छिद्रांची निळी व्हीजीए जोडणी असते, नव्यास चपटी एचडीएमआय. या दोहोंची भाषाच वेगळी, त्यामुळे नुसती तार बदलून भागत नाही; रूपांतर करणारा स्वतंत्र जोड लागतो, आणि तो एकाच दिशेने चालतो. व्हीजीएतून एचडीएमआय हवे असताना उलटा जोड घेतल्यास तो निरुपयोगी ठरेल. पडद्यालाच दोन्ही जोडण्या असतील तर खर्च आणखी उतरतो. तेव्हा चित्र पडद्याच्या बटणाने बदलावे, आणि कळफलक व माउस यांपुरता साधा यूएसबी स्विच घ्यावा.

मात्र या स्वस्त मार्गात एक धोका आहे, आणि तो व्यापाऱ्याने ओळखलाच पाहिजे. येथे बटणे दोन होतात. पडदा एका संगणकाचा दिसत असता बोटे दुसऱ्यात अक्षरे उमटवीत राहू शकतात. बँकेचे पान मागे उघडे असेल तर हा प्रकार महाग पडेल. म्हणून एका बटणाची पेटीच बरी. दोन्ही पडद्यांची पार्श्वभूमीही निरनिराळ्या रंगांची ठेवावी. बँकेच्या यंत्रास गडद तांबडी, हिशेबाच्या यंत्रास हिरवी. मुनीम बदलला तरी रंग समजावून सांगावा लागत नाही. कळ फिरविल्यावर कधीकधी अंकांची नम लॉक कळ बंद पडलेली आढळते. पोत्यांचा आकडा घालण्यापूर्वी तिचा दिवा पाहण्याची सवय लावावी.

पेनड्राइव्ह पेटीला लावून नक्कल चालू असताना कळ फिरविणे म्हणजे तो मध्येच उपटून काढणेच होय. तसेच दोन यंत्रांत पेनड्राइव्ह नेहमी फिरवीत राहिल्यास वेगळेपणाचा हेतूच फुकट जातो. डिजिटल सहीची किल्ली पेटीत न घालता थेट नव्या यंत्रास लावावी.

आपल्या सीमाभागात आणखी एक प्रश्न निघतो. गिऱ्हाइकाचे नाव मराठीत, आणि सरकारी अर्ज कन्नडात. लिपी कळफलकात नसून संगणकात असते; म्हणून एका यंत्रावर मराठी व दुसऱ्यावर कन्नड ठेवून तोच कळफलक दोहोंस चालतो. इनस्क्रिप्ट ही मांडणी शिकलेल्यास तर काहीच नवे शिकावे लागत नाही, कारण तीत मराठी ‘क’ ज्या कळीवर आहे त्याच कळीवर कन्नड ‘क’ही येतो.

पडद्याआड गेलेला संगणक बंद झालेला नसतो, हेही ध्यानात असावे. तो चालूच राहतो, वीज खातो व यूपीएसची बॅटरी उतरवितो. दुकान वाढविताना आधी एक यंत्र रीतसर बंद करावे, मग कळ फिरवून दुसरे बंद करावे, आणि त्यानंतरच मुख्य बटणास हात लावावा.